रविवार कुणाचा?

काय दोस्तांनो, शनिवारी संध्याकाळी दप्तर कोपऱ्यात पडलं की मनात काय येतं? ‘उद्या रविवार! उद्या मज्जा!’ आणि रविवारी रात्री? ‘छे, कधी आला आणि कधी गेला, कळलंच नाही!’ सकाळी स्कॉलरशिपचा क्लास, मग चित्रकलेचा, दुपारी गृहपाठ, संध्याकाळी कुणाचा तरी वाढदिवस आणि मधल्या सगळ्या फटींत मोबाइल. सहा दिवस धावायचं आणि सातव्या दिवशी जरा जास्तच जोरात धावायचं, असा हा प्रकार!

पण रविवारची सुट्टी सगळ्यांना आपोआप मिळालेली नाही, बरं का. मुंबईच्या कापड गिरण्यांतले कामगार पूर्वी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत. आठवड्याची ठरलेली सुट्टी त्यांना नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये या कामगारांची संघटना उभी केली. अर्ज झाले, सभा झाल्या आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आठवड्यातला एक दिवस तरी आपला असावा, म्हणून माणसं सहा वर्षं झगडली. असा दिवस आपण घाईघाईत उडवून टाकायचा?

चला तर मग, या रविवारी जरा हळू चालू या. वेळापत्रक नको. फक्त चार गोष्टी करायच्या. एक डोळ्यांसाठी, एक कानांसाठी, एक हातांसाठी आणि एक... ती शेवटी सांगतो.

डोळ्यांसाठी एक पुस्तक. एकच! साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, हे तुम्हांला ठाऊक असेल. त्यात धडे नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. दर रविवारी एक वाचली, तर जवळजवळ वर्षभर पुरतील! रडू नको, धमाल हवी असेल, तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा पुण्यात शिकायला येतो आणि संकटं त्याला शोधत येतात. वाचताना एक गंमत करा. गोष्ट अगदी रंगात आली की पुस्तक मिटा आणि पुढं काय होईल ते स्वतःच रचून पाहा. मग उघडा. तुमची युक्ती बरी की बन्याची?

कानांसाठी एक पॉडकास्ट. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मध्ये आला, पण कान देऊन पुढच्या भागाची वाट पाहणं जुनंच आहे. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी ५६ गाणी वर्षभराहून अधिक काळ चालली. पुढचं गाणं ऐकायला आठवडाभर थांबावं लागे! आज बोट लावलं की पुढचा भाग हजर. म्हणून एकच भाग ऐकायचा, सगळ्यांनी मिळून, मोबाइल पालथा ठेवून. गोष्टींचा पॉडकास्ट लावा, नाहीतर पु. ल. देशपांड्यांच्या आवाजातली ‘म्हैस’. एस.टी.खाली म्हैस येते, एवढीच घटना, पण एकाच माणसाच्या गळ्यातून अख्खी बस बोलते. किती वेगवेगळे आवाज आहेत, मोजाल?

आता हातांसाठी. इथं एक अवघड प्रश्न विचारतो. तुमच्या घरात रविवारी सगळ्यांत जास्त काम कुणाला असतं? सगळे घरी, म्हणून खास स्वयंपाक, आठवड्याचे कपडे, वर पाहुणे. बहुतेक घरांत उत्तर एकच येईल, ‘आईला!’ गिरणीतल्या कामगारांना रविवार मिळाला, पण आईला अजून मिळायचाच आहे की! म्हणून कानांना गोष्ट लावली की हातांनी लसूण सोलायचा, मटार सोलायचे, कपड्यांच्या घड्या घालायच्या. शाळेचे बूट स्वतःच पॉलिश करायचे. आणि आईला पण ऐकायला बसवायचं. बाबांनो, हे तुम्हांलाही लागू आहे हं!

उरली चौथी गोष्ट. ती म्हणजे काहीच न करणं! एक तास अगदी रिकामा. पहिली दहा-पंधरा मिनिटं ‘कंटाळा आला’ असं वाटेल. वाटू द्या, घाबरू नका. मग खिडकीतला कावळा दिसेल, भिंतीवरची मुंग्यांची रांग दिसेल, डोक्यात एखादा खेळ सुचेल. पालकहो, या तासाला कृपा करून नवा क्लास समजू नका. ‘वाचलंस, त्यातून काय शिकलास?’ असंही लगेच विचारू नका. मूल आपणहून सांगेल. आणि तुमचाही मोबाइल तेवढा वेळ कपाटात राहू द्या.

तर या आठवड्याचा उद्योग असा. रविवारी सकाळी आईला, आजीला किंवा तुमच्या घरी जे कुणी सगळ्यांसाठी राबतं त्यांना विचारायचं, ‘तुमचा रविवार कधी असतो?’ उत्तर नीट ऐका. हसून ‘माझा कसला रविवार!’ असं म्हणाल्या, तर तुमच्या वहीत एक काम वाढलं म्हणून समजा. ते कोणतं आणि ते तुम्ही कसं केलं, मला पत्रानं जरूर कळवा. पण पत्रसुद्धा निवांत लिहा. घाई नाही!