वीतभर दोरा

आमच्या घरी पृथ्वीचा एक गोल आहे. मुलीच्या भूगोलासाठी आणलेला. तिचा भूगोल केव्हाच संपला. गोलावर आता धूळ तेवढी बसते. 2024 च्या फेब्रुवारीत मात्र ती धूळ झटकून मी तो काखेत मारला आणि रुग्णालय गाठले.

आईचे हृदय अचानक कुरकुरू लागले होते आणि डॉक्टर चोवीस तासांचा भरवसा देत नव्हते. धाकटा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोला. आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा, त्याच्याकडे त्याच दिवशीच्या सकाळचे दहा. "निघतोय. दिल्लीपर्यंत सोळा तास, पुढे पुण्याचं विमान," एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

आई मूळची दाभोळची. अंतर तिने मैलांत कधी मोजलेच नाही. मुंबई म्हणजे बोटीची एक रात्र! सोळा तास ऐकून ती म्हणाली, "मग फार लांब नाही." आणि पहाटेपासून घटकेघटकेला विचारू लागली, "कुठवर आला रे?"

आता मराठीचा प्राध्यापक यावर काय सांगणार? म्हणून तो गोल. परिचारिकाबाईंच्या कपाळाला आठी पडली, पण बोलल्या नाहीत. मी शिवणाचा दोरा सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दिल्लीपर्यंत ताणला, तर तो भिंतीवरच्या नकाशासारखा आडवा न जाता सरळ वर चढला आणि अलास्का, आर्क्टिक महासागर, सैबेरिया असा उतरला. भरला वीतभर. खरे अंतर सुमारे 12,400 किलोमीटर.

पण वाचकहो, विमान दोऱ्यावरून थोडेच चालते! उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते पाठीशी असले तर लांबचा रस्ताही लवकर सरतो. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून, म्हणजे वाऱ्याशी झुंजत जाई. 2016 च्या ऑक्टोबरात त्याला पॅसिफिकवरून पाठवले. अंतर हजारभर किलोमीटरहून अधिक वाढून 15,300 च्या घरात गेले, तरी ते साडेचौदा तासांत पोहोचले. येताना अटलांटिकवरून यायचे, म्हणजे तेव्हाही वारा पाठीशीच. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पुरी! (आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ रिक्षावाल्यावर लांबून नेल्याचा आरोप नित्य करतात. त्यांना हे सांगण्याचा धीर मला अजून झालेला नाही.)

हे सारे मी आईला सांगत होतो. ती ऐकत होती की दमून डोळे मिटून पडली होती, कोण जाणे. मी मनाशी हिशेब करीत होतो. सात वाजले; ग्रीनलंडच्या आसपास असेल. दहा वाजले, युरोप लागला असेल. दुपारी तिचा श्वास जड झाला. डॉक्टर दोनदा येऊन गेले. मला बाहेर काढले, तेव्हा मी गोल व्हरांड्यातल्या बाकावर ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसलो. साडेतीनला निरोप आला, दिल्लीत उतरलो.

रात्री पावणेदहाला तो दारात उभा राहिला, बूटसुद्धा न काढता. आईला तोवर जरा बरे वाटू लागले होते. तिने त्याला जवळ बोलावले, पांघरुणातून हात बाहेर काढला. सकाळचा दोरा तिने बोटाला गुंडाळून ठेवला होता. तो सोडून त्याच्यापुढे धरीत म्हणाली,

"एवढ्याशाला सोळा तास?"