ट्रॅक्टरला पाच टक्के, बॅटरीला अठरा!



गावोगावची पोरे अंधेरीत पोटाला लागली आहेत. कुणी सीप्झमध्ये कामाला, कुणी रिक्षावर. दिवाळीला घरी आली की शहरातल्या नवलाईच्या गोष्टी सांगतात. आता नवी गोष्ट निघाली आहे. तिकडचे काही हौशी मोटारवाले गाडीचा सेल्फ मारायची शिशाची बॅटरी काढून तिच्या जागी लिथियमची बसवतात. वजन तिसऱ्या हिश्शावर येते. गाडी महिनाभर उभी राहिली तरी बॅटरी उतरत नाही. मग घरात आग्रह सुरू होतो, 'आपल्या ट्रॅक्टरलाही तीच टाकू.'

नव्या तंत्राला नाके मुरडणारे आम्ही नव्हे. पण दुसऱ्याच्या अंगावरचा सदरा चांगला दिसला म्हणून तो आपल्या मापाचा असतो काय? आधी हिशेब मांडू.

सेल्फ मारायला दोन-चार सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात बॅटरीला काहीशे अँपिअरचा दणका द्यावा लागतो. लगेच डायनामो तिला पुन्हा भरू लागतो. शिशाची बॅटरी हे काम १९१२ पासून, म्हणजे कॅडिलॅक मोटारीला सेल्फ बसला तेव्हापासून, करीत आली आहे. लिथियमचा खरा गुण वेगळा. रोज तळापर्यंत उतरवा, रोज भरा, ती वर्षानुवर्षे टिकते. ट्रॅक्टरच्या सेल्फला या गुणाचा उपयोग किती? जवळपास शून्य.

वजन कमी होते म्हणता? मोटारवाल्याला त्याचे कौतुक असेल. आपण तर वखरणी-नांगरणीला पकड यावी म्हणून ट्रॅक्टरच्या चाकांत पाणी भरतो!

धोकेही समजून घ्या. रिकामी लिथियम बॅटरी डायनामोकडून एकदम जास्त करंट ओढते. लहान डायनामो तापून जळू शकतो. लिथियमच्या आत राखणदार सर्किट असते. उष्णता किंवा दाब वाढला की ते बॅटरीच तोडते. चालू इंजिनवर असे झाले तर डायनामोचा डायोड उडण्याची भीती. ४५ अंशांच्या उन्हात, तापलेल्या इंजिनाशेजारी हा जुगार कशाला? शिशाची बॅटरी मरायच्या आधी सेल्फ मंद करून सांगते. लिथियम कधी कधी न सांगताच बंद पडते. मग पेरणीच्या दिवशी वावरात उभे राहून कुणाची वाट पाहायची? गावचा मेकॅनिक डिस्टिल वॉटर घालू शकतो, लिथियमचे झाकण उघडू शकत नाही. आणि जुन्या शिशाच्या बॅटरीचे पैसे दुकानदार नव्या बॅटरीत वजा करून देतो, ही रोकड विसरू नका.

कोरडवाहू भागात ट्रॅक्टर दोन हंगामांमध्ये उभाच असतो. त्यातच शिशाची बॅटरी मरते. म्हणून ट्रॅक्टर उभा करताना ऋण टोकाची वायर काढा. महिन्यातून एकदा चार्ज करा. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली आली की लगेच चार्जिंगला लावा. जुनी बॅटरी फोडू नका, तिचे ॲसिड बांधावर ओतू नका. शिसे हे विष आहे.

मग लिथियम आपल्या कामाचे नाहीच काय? आहे! पराटीवर फवारणी करताना पाठीवर १६ लिटरचा पंप असतो. त्यातली शिशाची बॅटरी रोज तळाला जाते म्हणून लवकर मरते, आणि तिचे ओझे माणसाची पाठ वाहते. तिथे लिथियम घ्या. हलकी पडेल, जास्त टिकेल. पैसा जिथे राबतो तिथे घाला.

आता सरकारचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५ झाला. बॅटरीचे काय? शिशाच्या बॅटरीवर २८ टक्के होते, ते १८ झाले. लिथियमवर २०१८ पासून १८ होतेच. म्हणजे अंधेरीची मोटार आणि आपला ट्रॅक्टर, दोघांच्या बॅटरीला एकच दर! व्यापारी भरलेला कर पुढच्या बिलातून वळता करून घेतो. कापूस-ज्वारी विकणाऱ्या शेतकऱ्याला ती सोय नाही. त्याने भरलेला रुपया त्याच्याच खिशातून कायमचा जातो.

बॅटरीवाचून ट्रॅक्टर म्हणजे लोखंडाचा ढिगारा. टायर जर शेतीचे साधन असेल तर बॅटरी काय चैनीची वस्तू आहे? जिल्हा बैठकीत एकच ठराव करू: ट्रॅक्टरच्या आणि फवारणी पंपाच्या बॅटरीला, शिशाची असो वा लिथियमची, ट्रॅक्टरचाच दर लावा. कोणती बॅटरी घ्यायची ते आमचे आम्ही ठरवू. आम्हाला भीक नको, हिशेब सारखा हवा.