शीव बदलते, मूल तेच

बेळगावहून शिनोळी गाठली की महाराष्ट्र, चोर्ला घाट उतरला की गोवा. वाटेत दारूचे कायदेशीर वयही बदलते. कर्नाटकात 21, गोव्यात 18, महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25. बारावीनंतर ‘गोव्याला जाऊन येतो’ म्हणणाऱ्या मुलांना हा हिशेब तोंडपाठ असतो.

पण एक कायदा तिन्हीकडे सारखाच आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार 18 वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फक्त विकणाऱ्यास नव्हे, देणाऱ्यासही! म्हणजे वरातीत ‘घे रे, एकच घोट’ म्हणणारा मामा आणि विसर्जनाच्या रात्री पोरांसाठी बाटल्या आणणारा मंडळाचा दादाही त्यात आला.

पोलीस प्रत्येक मांडवात कुठून येणार? 2023 मध्ये कर्नाटकातील वय 18 वर आणण्याचा प्रस्ताव लोकांनी हरकती घेतल्यावर मागे पडला. तशीच हरकत आता आपल्या गल्लीत घ्यायला हवी. शेजारच्या मुलाच्या हातात पेला दिसला, तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून पुढे जाऊ नये. ‘नको’ म्हणावे, नाहीतर ‘बेडा’ म्हणावे. आपल्या मुलांना दोन्ही कळते.