अकराव्या दिवसापासून

सुरगाण्याच्या शेतमजुराच्या हृदयात आज नाशकात मोफत स्टेंट बसू शकतो. औषधवेष्टित स्टेंटची किंमत केंद्राने फेब्रुवारी 2017 मध्ये 29,600 रुपयांवर बांधली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवचही दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. याचे श्रेय सरकारला द्यायलाच हवे. प्रश्न पुढचा आहे. योजनेच्या पॅकेजमध्ये घरी जायचे एसटीभाडे बसते, औषधेही बसतात, पण ती घरी सोडल्यापासून दहा दिवसांची. अकराव्या दिवशी रुग्ण आणि त्याचा खिसा समोरासमोर येतात.

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चुकवायच्या नसतात. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्याची कथा याहून बिकट. त्याला गोळी जन्मभराची, शिवाय आयएनआर ही रक्ततपासणी नियमित. मात्रा कमी पडली तर झडप अडकते, जास्त झाली तर मेंदूत रक्तस्राव. आणि झडपा निकामी करणारा संधिवाताचा ताप मुळात दाटीवाटीच्या, गरीब घरांतला आजार! पाठपुराव्याची वेगळी पॅकेजेस योजनेत आहेत. ती मिळवायला मात्र पुन्हा संलग्न रुग्णालय गाठावे लागते, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावी लागते. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची माणसे निफाड-दिंडोरीच्या बागांत असतात. त्यांनी ती कधी बुडवायची?

गरीब रुग्ण ऐकत नाहीत, असे म्हणणे सोपे आहे. देशातल्या 89 रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक हृदयरुग्णांची नोंद 2008 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. तीस दिवसांत दगावण्याचे प्रमाण श्रीमंतांत 5.5 टक्के, गरिबांत 8.2 टक्के होते. उपचारांतला फरक हिशेबात धरताच ही दरी नाहीशी झाली. गरिबाचे हृदय वेगळे नव्हते, त्याला मिळालेले उपचार वेगळे होते.

म्हणून या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता, महिन्याच्या महिन्याला मिळाव्यात. आयएनआर तपासणी ग्रामीण रुग्णालयात व्हावी, आणि हंगामासाठी स्थलांतर केलेल्या मजुराला दोन्ही सोयी बागेजवळच्या केंद्रात मिळाव्यात. शस्त्रक्रियांचे आकडे सरकार हौसेने सांगते. त्यांच्याशेजारी आणखी एक रकाना छापावा: वर्षानंतर यांतले किती जण हयात आहेत, तालुकानिहाय.