टाक्यात पाणी आहे, पण कधी?

प्रति,
वन, पुरातत्त्व आणि पर्यटन खात्यांतील अधिकारी,



राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने बाहेर पडायचं, खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून धारेधारेने तोरण्याची बुधला माची गाठायची. मग हारपूड, मोहरी करत सिंगापूर, तिथून नाळेने, म्हणजे कड्यातल्या घळीतून, कोकणात दापोलीला उतरायचं आणि रायगड चढायचा. चालायला तीन-चार दिवस. निघण्याआधी खरी माहिती गोळा करायला त्याहून जास्त.

घोळ गावांच्या नावांपासूनच. फोनवर सिंगापूर शोधलं की विमानाची तिकिटं पुढे येतात, दापोली म्हटलं की रत्नागिरीतली. यावर हसून घेतो आम्ही. पाण्यावर हसता येत नाही.

एका मार्चमधली गोष्ट. ओळखीच्या एकाने आपली चाललेली वाट फोनवर पाठवली होती, सोबत टीप: 'हारपूडच्या पुढे ओढ्याला पाणी आहे.' पोहोचलो तर ओढ्यात वाळका पाला. खडकाच्या एका खळग्यात तळहाताएवढं हिरवट पाणी, त्यात मेलेली मधमाशी. आमच्या बाटल्या तासाभरापूर्वीच संपल्या होत्या. गुरांमागे आलेल्या एका आजी आमच्याकडे बघत राहिल्या. "शिमगा झाल्यावर हितं कुठलं पाणी? चला घरला," म्हणाल्या आणि घरी नेऊन हंडाच पुढे ठेवला. टीप देणारा खोटं बोलला नव्हता. तो डिसेंबरात चालला होता, महिना तेवढा सांगायचा राहिला.

नाळांचंही तेच. सिंगापूरची नाळ आणि शेजारची बोराट्याची नाळ, नवख्याला दोन्ही सारख्याच. पण बोराट्याच्या नाळेतून लिंगाणा किल्ल्याच्या खिंडीकडे जाताना कड्याच्या अंगाने आडवं जावं लागतं, तिथे दोर आणि जाणता माणूस हवाच. शिवाय दर पावसाळ्यात दरडी येतात, धोंडे सरकतात, मळलेली वाट घसाऱ्याखाली जाते. खडकावरचा जुना बाण मात्र तसाच दरीकडे बोट दाखवत राहतो. त्यात कुठल्याशा शर्यतीच्या रिबिनी झाडांना लटकलेल्या. ती शर्यत कुठे वळत होती, हे आम्हाला कसं कळणार?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. अभिमान वाटला. त्यात राजगड आहे, रायगड आहे. तोरणा नाही. राजगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, रायगड केंद्राच्या, जंगल लागेल तिथे वनखातं, आणि घाटमाथ्यावर जिल्हाच बदलतो. एवढ्या मालकांत वाट बेवारशी राहिली आहे. चौकशी केली की प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे पाठवतं.

आम्हाला स्वागतकमान नको. पायऱ्या आणि रेलिंग तर मुळीच नकोत. मोहरी, हारपूड, दापोली अशा गावांत शाळेच्या भिंतीवर एक काळा फळा पुरे. कुठल्या टाक्यात, कुठल्या ओढ्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी, कुठली नाळ बंद, आग्या मोहोळ कुठे बसलंय, वाटाड्या म्हणून गावातलं कोण येईल. ही माहिती गावकऱ्यांना तोंडपाठ आहे. पावसाळा सरला की त्यांच्यातल्या दोघांना मजुरी देऊन वाट चालायला पाठवा, उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा. ते सांगतील ते फळ्यावर लिहा, तेच तुमच्या कार्यालयातून फोनवरही सांगा. मजुरी मात्र वेळेवर द्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी कुणी जाणार नाही.

आणि फळ्याच्या कोपऱ्यात, पाहणी कुणी केली त्याचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.

आपला,
या वाटेचा एक वाटसरू