भिंतीवरून कागदावर

भिलाईच्या सिव्हिक सेंटरमधील पोलाद कारखान्याच्या नेहरू आर्ट गॅलरीत प्रदर्शने भरतात आणि उतरतात. कागदावरील कामांचा कायमचा सार्वजनिक संग्रह पाहायचा तर भोपाळ गाठता येते. तिथले भारत भवन १९८२ मध्ये उघडले, तेव्हा भिलाईही मध्य प्रदेशातच होती. वास्तू चार्ल्स कोरियांची, आणि त्यातील रूपंकर हे कलासंग्रहालय चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी उभारले. त्यांनी तरुण कलाविद्यार्थ्यांना आदिवासी गावांत धाडले. पाटनगढच्या एका घराच्या भिंतीवर या विद्यार्थ्यांना जनगढसिंह श्याम या परधान गोंड तरुणाचे काम दिसले. भोपाळला आल्यावर जनगढच्या हाती कागद, शाई आणि पोस्टर रंग आले, आणि शेणामातीच्या भिंतीवरची रेघ ठिपक्याठिपक्यांनी बारीक होत गेली. माध्यम बदलले की शैली बदलते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. १९८९ पासून मुद्राचित्रांच्या आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिकानेही या संग्रहालयाचे कागदाशी नाते घट्ट केले. कागद मात्र नाजूक. प्रकाशाने झालेली हानी साचत जाते, ती भरून येत नाही. म्हणून अशा चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत आणि काही महिन्यांनी ती उतरवून अंधाऱ्या खणांत ठेवतात. पाठीमागचा पुठ्ठा आम्लमुक्त लागतो. चिकटपट्टी तर वर्ज्यच, तिच्याऐवजी जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावतात. पावसाळ्यात बुरशीची धास्ती वेगळीच.