फादर नाहीत, की होऊ दिले जात नाहीत?

धर्मगुरूंच्या टंचाईवर गेल्या रविवारी जी पत्रे छापून आली, त्यांचा सूर एकच होता. घरोघरची जपमाळ बंद पडली, मुलांच्या हातातला मोबाइल सुटत नाही, म्हणून फादर होण्याचे पाचारण आटले. म्हणजे सगळा दोष तरुणांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या माथी! एकाही पत्रलेखकाला ऑक्टोबर 2019 मधले व्हॅटिकनमधील मतदान आठवू नये, याचा संताप येतो. 128 विरुद्ध 41.

ॲमेझॉनच्या प्रश्नांसाठी बोलावलेल्या त्या धर्मसभेत बिशपांनी मागितले होते ते एवढेच: दुर्गम भागांत, समाजाने पारखलेल्या आणि डीकन म्हणून चांगली सेवा केलेल्या संसारी पुरुषांना गुरुदीक्षा द्यावी. दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी ठराव संमत झाला. फेब्रुवारी 2020 मध्ये या धर्मसभेवरचा पोप फ्रान्सिस यांचा ‘केरिदा आमाझोनिया’ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला आणि त्यात या मागणीवर चकार शब्द नव्हता.

ही मागणी कुठून आली, ते पाहायला हवे. ब्राझीलमधल्या शिंगू धर्मप्रांताचे क्षेत्रफळ तेव्हा सुमारे 3 लाख 68 हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठे. त्यात नदीकाठाने आणि जंगलात विखुरलेल्या सुमारे 800 वस्त्या आणि फादर जेमतेम तीस. 1981 ते 2015 तिथे बिशप असलेले एर्विन क्रॉयटलर हे वर्षानुवर्षे सांगत आले. अशा वस्त्यांत मिस्सा होते ती वर्षातून दोन-तीनदा. बाप्तिस्मा प्रापंचिक माणूसही देऊ शकतो, प्रार्थनासभा कॅटेकिस्ट चालवतो. पण मिस्सा, पापनिवेदन आणि रुग्णाभ्यंग यांना फादरच लागतो. मरणाच्या दारात असलेल्या माणसाने फादरांची होडी येण्याची वाट पाहायची का? ‘मिस्सा हा ख्रिस्ती जीवनाचा उगम’ असे प्रत्येक प्रवचनात ऐकवायचे आणि ती वर्षातून तीनदाच मिळेल अशी व्यवस्था जपायची, हे कोणत्या श्रद्धेत बसते?

पेन्टेकॉस्टल पास्टर मात्र त्याच वस्तीत, बायकामुलांसह राहतो. ब्राझीलच्या 2010 च्या जनगणनेत कॅथलिकांचे प्रमाण 65 टक्के होते. 2022 मध्ये ते 56.7 टक्क्यांवर आले. इव्हँजेलिकल पंथीयांचे प्रमाण देशभरात 26.9 टक्के, पण ॲमेझॉनचा बहुतेक भाग ज्यात येतो त्या उत्तर विभागात 36.8 टक्के. याला इतर कारणेही असतील, पण वस्तीत फादरच नसणे हे त्यातले ढळढळीत कारण आहे.

ब्रह्मचर्य ही श्रद्धेची बाब नाही, शिस्तीची आहे, हे रोमच मानते. लेबनॉनमधल्या मॅरोनाइट आणि युक्रेनियन कॅथलिकांत विवाहित फादर आहेत. अँग्लिकन पंथातून आलेल्या विवाहित पाद्र्यांना कॅथलिक गुरुदीक्षा मिळते. लेबनॉनला चालते ते शिंगूला का चालत नाही?

‘केरिदा आमाझोनिया’ने उपाय सुचवला तो पाचारणासाठी प्रार्थना करण्याचा आणि मिशनरी पाठवण्याचा. त्याच दस्तऐवजाच्या तळटीपेत मात्र कबुली आहे की ॲमेझॉन खोऱ्यातल्या काही देशांतून, स्वतःच्या ॲमेझॉन भागात राहणाऱ्यांपेक्षा अधिक मिशनरी युरोप-अमेरिकेत जातात. आपल्याकडे तरी वेगळे काय? आपलेही फादर जर्मनीला जातात. तिथे 1962 साली 557 नवे फादर झाले होते, 2024 मध्ये फक्त 29. ट्रिअर धर्मप्रांताने 887 धर्मग्रामांचे 35 करण्याची योजना आखली, तर रोमने ती अडवली. मग जागा भरायच्या कशा? बाहेरून फादर आणून. आणि जर्मनीतल्या परदेशी फादरांत सर्वाधिक भारतीयच आहेत. ज्या चर्चकडे कराचा पैसा आहे तिला फादर मिळतात आणि होडीने जायच्या वस्त्यांना मिळत नाहीत, याला पाचारणाची टंचाई म्हणणे ही दिशाभूल आहे.

आणि स्त्रियांचे काय? शिंगूमधल्या दोन तृतीयांश वस्त्यांची धुरा स्त्रियाच वाहतात, हे क्रॉयटलर यांनीच सांगितले आहे. त्याच भागात अनापू इथे सिस्टर डोरोथी स्टँग यांना 12 फेब्रुवारी 2005 रोजी गोळ्या घालून ठार केले गेले, कारण त्या भूमिहीनांच्या आणि जंगलाच्या बाजूने उभ्या होत्या. जीव द्यायला स्त्री चालते. पण 2019 च्या धर्मसभेत 35 स्त्रिया बसल्या होत्या आणि त्यांतल्या एकीलाही मताचा अधिकार नव्हता.

पोप लिओ चौदावे पेरूमध्ये अनेक वर्षे मिशनरी होते, चिक्लायोचे बिशप होते. त्यांना अशा दुर्गम वस्त्या नकाशावर दाखवाव्या लागणार नाहीत. 2019 चा ठराव त्यांनी पुन्हा चर्चेला घ्यावा, असे भारतातल्या बिशपांनी लेखी कळवावे आणि ते पत्र प्रत्येक धर्मग्रामात वाचून दाखवावे. तोवर तरुणांच्या मोबाइलवर खापर फोडणे थांबवावे.

– एक वाचक, वसई